ग्रुनफेल्ड बचावातील मुक्त प्यादे: काळ्याने या चुका टाळाव्यात

ग्रुनफेल्ड बचाव ही बुद्धिबळात काळ्याने डावाची सुरुवात करण्याची एक पद्धत आहे. १९२२ साली अर्न्स्ट ग्रुनफेल्ड यांनी व्हिएन्ना येथे याच बचावाने पुढे जगज्जेते झालेल्या अलेखाइन यांना हरवले. तेव्हापासून काळ्याचा विचार बदललेला नाही: पटाचा मध्य पांढऱ्याला घेऊ द्यायचा, त्यावर दूरून मारा करायचा आणि वजिराच्या बाजूला प्याद्यांची सरशी, म्हणजे पांढऱ्यापेक्षा जास्त प्यादी, मिळवायची. मात्र ही सरशी पुढे विजयात बदलते की नाही, हे बहुतेक वेळा सुरुवातीलाच कोणती मोहरी राखली यावर ठरते.

मुख्य मार्गात सी३ वर घोड्यांची मारामारी होते, काळ्याचा उंट जी७ वर येतो, आणि पुढे सी५ खेळून डी४ वरील प्यादी मारली गेली की वजिराच्या बाजूला काळ्याची ए७ आणि बी७ ही दोन प्यादी उरतात, तर पांढऱ्याचे ए२ हे एकच. सी५ लांबणीवर टाकणे ही पहिली चूक, कारण तोवर पांढऱ्याचा मध्य स्थिरावतो आणि पुढे चाल करू लागतो.

दुसरी चूक फार वरचेवर दिसते. काळा ए५, ए४ असे ए प्यादे आधी पळवतो, पांढरा ए३ खेळतो, आणि मग बी४ची धडक द्यायची तर एक प्यादे गमवावे लागते. ज्या प्याद्यासमोर विरोधी प्यादे नाही ते आधी पुढे न्यावे, म्हणजे बी५, आणि मग ए५ व बी४.

हत्ती बी१ वर आणण्याच्या प्रसिद्ध प्रकारात काळा अकराव्या चालीला वजिराने ए२ वरील प्यादे मारतो आणि त्याला एकदम शेजारशेजारची दोन मुक्त प्यादी, म्हणजे ज्यांना अडवायला विरोधी प्यादे उरलेले नाही अशी, मिळतात. इथे डाव जिंकलाच असे समजणे घातक ठरते, कारण पांढऱ्याची सगळी मोहरी काळ्याच्या आधी कामाला लागलेली असतात. पांढऱ्याच्या किल्लेकोटानंतर उंट जी४ वर नेणे हा माझ्या मते सर्वांत समजण्याजोगा मार्ग आहे. डी४चे रक्षण करणाऱ्या घोड्यावर त्याने दाब येतो. लगेच ए५ खेळण्याचाही मार्ग आहे, पण त्याला नेमका हिशेब लागतो.

जी७ वरील उंट सहज देऊन टाकणे ही मला सर्वांत महागडी चूक वाटते. हा काळ्या घरांचा उंट आहे आणि ए१ हे काळे घर आहे, त्यामुळे ए प्याद्याची बढती जिथे होणार तेच घर त्याच्या ताब्यात असते. शेवटी उंट आणि ए प्यादे एवढेच उरले आणि तो उंट पांढऱ्या घरांचा असेल, तर पांढरा राजा ए१ च्या कोपऱ्यात पोहोचताच डाव बरोबरीत सुटतो.

पांढऱ्याकडेही अनेकदा डी५ वर मुक्त प्यादे तयार होते, आणि ते काळ्याच्या प्याद्यांपेक्षा पुढे असते. त्याला आधी घोड्याने डी६ वर अडवावे, मगच स्वतःची प्यादी हलवावीत.

हत्तींच्या बाबतीत मुक्त प्याद्याच्या मागून साथ देणे हे सूत्र बहुतेक वेळा टिकते. ए प्याद्यासाठी काळ्याचा ए८ वरील हत्ती मुळातच योग्य जागी असतो. खुल्या ओळीसाठी शक्यतो एफ८ वरचा हत्ती वापरावा. शेवटी केवळ राजे, दोन हत्ती आणि हे एक प्यादे उरले, काळ्याचा हत्ती ए१ वर प्याद्याच्या पुढे अडकलेला असला आणि पांढऱ्याचा हत्ती त्याच ओळीत मागे असला, तर प्यादे घाईने ए२ पर्यंत नेऊ नये. पांढरा राजा जी२ आणि एच२ या घरांवर येरझाऱ्या घालतो, आणि काळा राजा मदतीला आला की मागून मिळणाऱ्या शहांपासून लपायला त्याला जागाच उरत नाही, कारण ए२ हेच आडोशाचे घर स्वतःच्या प्याद्याने व्यापलेले असते. प्यादे ए३ वर थांबवले तर तो आडोसा शिल्लक राहतो. पांढरा राजा चुकून एफ२ वर गेला, तर मात्र हत्ती एच१ ही चाल डाव जिंकून देते: पांढऱ्याने ए२ मारताच एच२ वरून शह बसतो आणि राजामागचा हत्ती जातो.

केवळ राजे आणि प्यादी उरल्यावर चालीची पाळी मोजण्यात कसूर करू नये. काळ्याचे प्यादे ए५ वर आणि पांढरा राजा एफ१ वर असताना काळ्याची चाल असेल तर वजीर होतो, पांढऱ्याची असेल तर प्यादे पकडले जाते. ते पकडले जाणार असले तरी घाबरण्याचे कारण नाही, कारण पांढरा राजा त्याच्यामागे जाताच काळ्या राजाला पलीकडची प्यादी मारण्याची सवड मिळते.