कुत्र्याच्या डोळ्यातून सतत पाणी वाहत असेल तर काय करावे

तूर कापणीला आली आणि धुऱ्यावरचे गवत वाळले की, राखणीचा कुत्रा एखाद्या दिवशी एक डोळा मिचकावत, गालावरचे केस ओले घेऊन वावरातून घरी येतो. दोन दिवसांत बरे होईल म्हणून आपण थांबतो, पण आठवडा उलटला तरी पाणी वाहतच राहते आणि मग घरातला प्रत्येक जण डोळ्यात काय घालावे हे सुचवू लागतो. माझे कळकळीचे सांगणे असे आहे की, पाणी कशामुळे येते आहे हे कळेपर्यंत त्या डोळ्यात स्वच्छ सलाईनखेरीज काहीही घालू नये.

कुत्र्याच्या डोळ्याच्या आतल्या कोपऱ्याशी, वरच्या आणि खालच्या पापणीच्या कडेला एकेक बारीक छिद्र असते. तेथून अश्रू एका नळीवाटे नाकात उतरतात. म्हणून पाणी गालावर येण्याची कारणे मुळात दोनच: डोळ्याला काहीतरी टोचत, चुरचुरत किंवा दुखत असल्यामुळे अश्रू जास्त तयार होत आहेत, किंवा नाकात उतरण्याची वाट बुजली आहे. पहिल्या प्रकारात कुत्रा बहुधा डोळा मिटून घेतो, पंजाने चोळतो, उजेड टाळतो. दुसऱ्या प्रकारात डोळा शांत व उघडा असतो, फक्त खालचे केस ओले राहून तांबूस होतात.

पाहणी सकाळच्या उजेडात, सावलीत बसून करावी. घरातल्या ज्या माणसाचे तो ऐकतो त्याने कुत्र्याला जवळ घ्यावे आणि दुसऱ्याने पाहावे. दुखऱ्या डोळ्याला हात लावल्यावर मायेचा कुत्राही चावू शकतो, म्हणून तोंडाला मऊ कापडी पट्टीची सैल मुसकी बांधावी. मात्र धाप लागली असेल किंवा ऊन तापले असेल तर ती बांधू नये. कुत्र्याला रेबीजची लस दिलेली नसेल आणि त्याचे वागणे अचानक बदलले असेल, लाळ गळत असेल किंवा गिळता येत नसेल, तर त्याला हात न लावता आधी पशुवैद्यकाला कळवावे.

पाणी एका डोळ्यातून येते की दोन्ही, हे सर्वांत आधी पाहावे. एकाच डोळ्यातून अचानक येऊ लागले तर कुसळ, धूळ, काटा किंवा ओरखड्याचा संशय घ्यावा. दोन्ही डोळ्यांतून येत असून सोबत नाक वाहत असेल, खोकला व ताप असेल आणि कुत्रा खात नसेल, विशेषतः लसीकरण न झालेले पिल्लू असेल, तर तो डिस्टेंपर, म्हणजे कुत्र्यांचा जीवघेणा संसर्गजन्य रोग, असू शकतो आणि मग एक दिवसही थांबू नये. अंगावर गोचिड्या असतील तर तेही सांगावे, कारण गोचिडीतून होणाऱ्या तापात डोळ्याच्या आत सूज येऊ शकते. स्राव पाण्यासारखा न राहता घट्ट, चिकट चिपडासारखा झाला असेल तर डोळा कोरडा पडणे हेही कारण असते. पापणीची कड आत वळून केस बुबुळाला घासत आहेत का, कोपऱ्यात लाल गाठ बाहेर आली आहे का, हेही पाहावे. पगसारख्या चपट्या तोंडाच्या कुत्र्यांत पापणीचा दोष नेहमी आढळतो.

कुसळाबद्दल थोडे विस्ताराने लिहितो, कारण आपल्याकडे ते दुर्लक्षिले जाते. गवताच्या कुसळाच्या टोकाला मागे वळलेले बारीक केस असतात, त्यामुळे ते पुढे सरकते, मागे येत नाही. कुत्र्याला डोळ्याच्या आतल्या कोपऱ्यातून सरकणारी तिसरी पापणी असते. कुसळ तिच्या मागे दडले तर वरून डोळा साफ दिसतो आणि आत मात्र प्रत्येक उघडझापीबरोबर बुबुळ खरवडले जाते. आमच्या राखणीच्या कुत्र्याच्या बाबतीत हेच झाले. घरातल्या माणसासाठी आणलेले, उरलेले ड्रॉप्स आम्ही चार दिवस त्याच्या डोळ्यात घातले. त्यात स्टेरॉइड होते, म्हणजे लाली व सूज दाबणारे, पण जखम भरू न देणारे औषध. लाली कमी झाली म्हणून आम्हाला बरे वाटले, पण जखम आत वाढत गेली आणि बुबुळावर निळसर ढग आला. डॉक्टरांनी डोळा बधिर करून तिसऱ्या पापणीमागून कुसळ काढले; डोळा वाचला, पण बुबुळावर फूल पडले ते कायमचे.

धुण्यासाठी औषधाच्या दुकानात मिळणारे ०.९ टक्के सलाईन वापरावे. ते मिळेपर्यंत उकळून गार केलेले पाणी चालेल. स्वच्छ सुती कापड भिजवून गालावरची घाण आधी मऊ करावी, ओढून काढू नये. मग डोके किंचित कलते धरून डोळ्याच्या आतल्या कोपऱ्यातून बाहेरच्या दिशेला सावकाश धार सोडावी. धुळीचा कण बहुधा निघून जातो. बुबुळात रुतलेली वस्तू मात्र चिमट्याने ओढू नये. फवारणीचे औषध उडाले असेल तर सलाईन शोधत न बसता हाताशी असलेल्या स्वच्छ पाण्याने निदान १५ ते २० मिनिटे डोळा धुवावा, आणि औषधाच्या बाटलीवरचे लेबल घेऊन दवाखाना गाठावा. मध, दूध, हळद, काजळ, कांद्याचा रस यांतले काहीही डोळ्यात घालू नये.

डोळा मिटलेला असेल, बुबुळ ढगाळ दिसत असेल, डोळा सुजून टणक व लाल झाला असेल किंवा दिसेनासे झाले असेल, तर त्याच दिवशी निघावे. डोळ्यातला दाब वाढला असल्यास एक-दोन दिवसांत दृष्टी जाऊ शकते. बाकी साधे पाणीही दोन दिवसांत थांबले नाही तर तालुक्याच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात न्यावे. तेथे सोय नसेल तर नागपूरचे पशुवैद्यक महाविद्यालय किंवा अकोल्याची पशुवैद्यक पदव्युत्तर संस्था यांच्याकडे चौकशी करावी. डॉक्टरांना फ्लुरोसीन रंगाची तपासणी करण्याची विनंती करावी: बुबुळावर जखम असेल तर ती हिरवी चमकते, आणि नळी मोकळी असल्यास तोच रंग काही मिनिटांत नाकपुडीत उतरलेला दिसतो. कोरड्या डोळ्यासाठी कागदी पट्टीची वेगळी तपासणी असते.

औषध मिळाल्यावर बाटलीचे टोक डोळ्याला लागू देऊ नये, दोन औषधांत पाच मिनिटांचे अंतर ठेवावे आणि आधी थेंब, नंतर मलम घालावे. उन्हाळ्यात पत्र्याच्या घरात बाटली तापते, म्हणून ती लेबलवर लिहिल्याप्रमाणे थंड जागी ठेवावी. कुत्रा डोळा खाजवू नये म्हणून गळ्यात शंकूच्या आकाराची कॉलर घालावी. ती मिळाली नाही तर जुन्या प्लास्टिकच्या बादलीचा तळ कापून, कडेला कापड गुंडाळून करता येते. या दिवसांत त्याला वावरात आणि मळणी यंत्राजवळ नेऊ नये. पाणी थांबले म्हणून औषध मध्येच बंद न करता, डॉक्टरांनी सांगितलेल्या दिवशी पुन्हा रंगाची तपासणी करून घ्यावी आणि बुबुळावर हिरवे काही दिसत नाही हे स्वतः पाहूनच कुत्र्याला राखणीवर सोडावे.