गावात झाडं लावायचीत? आधी पाणी मोजा

पहिल्या वर्षी आम्ही दोनशे रोपं लावली. पाहुणे आले, नारळ फुटला, फोटो निघाले. दिवाळीपर्यंत निम्मी शेळ्यांनी खाल्ली, उरलेली मार्चात वाळली. दुसऱ्या वर्षी साठच लावली, त्यातली बहुतेक उभी आहेत.

तयारी मार्चमध्येच सुरू करा, तीही हिशोबाने. उन्हाळ्यात लहान रोपाला आठवड्याला साधारण दहा लिटर पाणी धरा. शंभर रोपांना हजार लिटर, दर आठवड्याला, लागवडीनंतरच्या फेब्रुवारीपासून मृगाच्या पावसापर्यंत. कुणाच्या विहिरीचं पाणी, कुणाचा ट्रॅक्टर, डिझेल कोण भरणार? याची उत्तरं मिळतील तेवढीच रोपं धरायची.

जागा गायरानातली असेल तर ग्रामपंचायतीचा लेखी ठराव घ्या. तोंडी ‘लावा की’वर विसंबू नका. वरून विजेच्या तारा जात नाहीत ना, पुढे रस्ता रुंद होणार नाही ना, तेही बघून ठेवा.

रोपं सामाजिक वनीकरणाच्या किंवा वनविभागाच्या रोपवाटिकेत मिळतात. मागणी उन्हाळ्यातच नोंदवा. ऐन पावसात गेलात तर उरलंसुरलं पदरात पडतं. कडुनिंब, करंज, जांभूळ, बहावा, आवळा घ्या, जागा ऐसपैस असेल तर वड-पिंपळ. गुलमोहर मुळातला मादागास्करचा. दिसतो देखणा, पण वादळात त्याच्या फांद्या आधी मोडतात.

सोबतीला शाळा, कॉलेजची एनएसएसची मुलं, बचत गट, तरुण मंडळ असतंच. बैठकीला हमखास विसरला जातो तो शेळ्या राखणारा. त्याला पहिल्या रांगेत बसवा. त्याची चरायची वाट आपण अडवतोय का, हे त्यालाच विचारायचं. आमच्याकडे कुंपणाला बोराटीच्या फांद्या कुठून तोडायच्या, हेही त्यानेच दाखवलं.

खड्डे मे महिन्यात घ्या: दीड फूट लांब, तेवढेच रुंद आणि खोल, दोन खड्ड्यांत दहा फूट अंतर. वरची माती एकीकडे, खालचा मुरूम दुसरीकडे टाका आणि खड्डा चांगला तापू द्या. भरताना वरच्या मातीत शेणखत मिसळा.

तारीख पावसावर सोडा. वनमहोत्सव १९५० पासून जुलैच्या पहिल्या आठवड्याशी जोडलेला आहे, पण पावसाला ते कोण सांगणार! दोन-तीन दमदार पाऊस होऊन खाली ओल उतरली की लागवड करायची.

लागवडीच्या दिवशी भाषणं दहा मिनिटांत आटपा आणि एक रोप सगळ्यांसमोर लावून दाखवा. पिशवी ओढून काढायची नाही, ब्लेडने उभी चिरायची. मुळांभोवतीचा मातीचा गोळा फुटता कामा नये. तळाशी गोल गुंडाळलेली मुळं तेवढी छाटायची. रोप पिशवीत होतं तितकंच मातीत बसवा, कडेने पायाने माती दाबा. काठी रोवून सुतळी सैल बांधा, नाहीतर ती खोडाला काचते. रिकाम्या पिशव्या मोजून परत गोळा करा. रोपं साठ तर पिशव्याही साठ.

‘सगळे मिळून पाणी घालू’ म्हणजे कुणीच घालत नाही. पाच-पाच रोपं एकेका घराच्या नावावर करा. पाऊस सरला की तण काढा, खोडाभोवतीची पाण्याची आळी नीट करा, त्यावर वाळलेल्या गवताचा थर टाका. आणि दहा-पंधरा रोपं कुणाच्या तरी परसात राखून ठेवा, पुढच्या पावसाळ्यात नांग्या भरायला, म्हणजे मेलेल्या रोपांच्या जागी नवी लावायला, लागतात.