पॅसिव्ह स्किल लावलंय, पण ते खरंच चालतंय का? या चुका टाळा

अ‍ॅक्टिव्ह स्किल वापरलं की पडद्यावर काहीतरी घडतं. आग उसळते, आवाज येतो, बटणावर कूलडाऊन फिरू लागतो. पॅसिव्ह स्किलचं, म्हणजे बटण न दाबता आपोआप लागू राहणाऱ्या कौशल्याचं, तसं नाही. ते मेनूत लावायचं आणि आपल्या कामाला लागायचं. ही त्याची मोठी सोय, आणि घोटाळाही इथेच होतो, कारण ते बंद पडलेलं असलं तरी पडद्यावर काहीच फरक दिसत नाही. बॉस जड जायला लागला की आपण शस्त्र बदलतो, मागे जाऊन लेव्हल वाढवतो, शेवटी डिफिकल्टी कमी करतो. पॅसिव्हचं पान उघडून पाहायचं मात्र सुचत नाही. एका गेममध्ये मी जवळपास वीस तास दोन्ही हातांत शस्त्र धरणाऱ्यांसाठीचं पॅसिव्ह लावून खेळलो, आणि माझ्या डाव्या हातात सगळा वेळ ढाल होती. तेव्हापासून नवं पॅसिव्ह लावलं की ते चालतंय याची खात्री पटेपर्यंत मी पुढे जात नाही.

शिकलं म्हणजे लागलं असं नाही

आधी सगळ्यात साधी चूक. ‘किंगडम हार्ट्स’मध्ये लेव्हल वाढल्यावर नवी अ‍ॅबिलिटी मिळाल्याचा संदेश येतो, पण मेनूत जाऊन एपी (अ‍ॅबिलिटी पॉइंट) खर्चून ती चालू करेपर्यंत ती नुसती यादीत पडून असते. ‘पर्सोना ५’मध्ये जोकर या नायकाने त्या क्षणी धारण केलेल्या पर्सोनाचीच (त्याच्यासाठी लढणाऱ्या शक्तिरूपाचीच) पॅसिव्ह चालतात. राखीव राहून अनुभव मिळवून देणारं ‘ग्रोथ’ हे पॅसिव्ह सोडलं, तर बाकीच्या पर्सोनांवरची पॅसिव्ह तुम्ही तो पर्सोना पुढे आणेपर्यंत गप्प. शिवाय एका पर्सोनाला अ‍ॅक्टिव्ह आणि पॅसिव्ह मिळून आठच जागा. आगीची ताकद २५ टक्के वाढवणारं फायर बूस्ट आणि ५० टक्के वाढवणारं फायर अ‍ॅम्प, दोन्ही एकत्र उत्तम चालतात. पण त्याच पर्सोनाकडे आगीचा एकही हल्ला नसेल, तर आठातल्या दोन जागा फुकट गेल्या.

‘ऑक्टोपाथ ट्रॅव्हलर’मध्ये एका पात्राला चारच सपोर्ट स्किल (तिथली पॅसिव्ह) लावता येतात. तिथली एक गोष्ट बऱ्याच जणांच्या नजरेतून सुटते. दुय्यम जॉबमधून (पात्राच्या दुसऱ्या पेशातून) मिळवलेलं सपोर्ट स्किल जॉब बदलल्यावरही तुमच्याकडेच राहतं. म्हणजे एखाद्या जॉबची लढण्याची पद्धत आवडत नसली, तरी त्याचं चांगलं सपोर्ट स्किल हाती येईपर्यंत तो धरून ठेवा. मग खुशाल सोडा.

‘फायनल फॅन्टसी ९’चा हिशेब वेगळा. इथे अ‍ॅबिलिटी अंगावरच्या वस्तूतून येते. वस्तू घातलेली असेपर्यंत ती वापरता येते, आणि लढायांतून मिळणाऱ्या एपीने तिचा रकाना पूर्ण भरला की ती कायमची तुमची होते. रकाना अर्धवट असताना, दुकानात जास्त डिफेन्सचं चिलखत दिसलं म्हणून जुनं उतरवलं, की अ‍ॅबिलिटीही उतरली. नवी वस्तू घालण्याआधी जुनीचा रकाना किती भरलाय ते पाहायची सवय लावून घ्या.

अट शेवटच्या शब्दापर्यंत वाचा

वर्णन वाचताना डोळा थेट आकड्यावर जातो. ‘जास्त डॅमेज’ दिसतं, त्याच्या मागचं ‘असताना’ दिसत नाही. माझ्या मते सर्वांत जास्त नुकसान इथेच होतं.

‘एल्डन रिंग’मध्ये टॅलिस्मनसाठी (पॅसिव्ह फायदा देणाऱ्या ताइतासाठी) सुरुवातीला एकच जागा असते, वाढत वाढत त्या चार होतात. रिच्युअल सोर्ड टॅलिस्मन हल्ल्याची ताकद वाढवतो, पण एचपी, म्हणजे पात्राचा जीव, पूर्ण भरलेला असताना. रेड-फेदर्ड ब्रँचसोर्डही हल्ला वाढवतो, पण एचपी अगदी तळाला गेल्यावर. दोन्ही हल्ल्याचे म्हणून जोडीने लावावेसे वाटतात. मात्र या दोन अटी एकाच क्षणी पूर्ण होऊच शकत नाहीत. चारातल्या दोन जागा दिल्या तरी एका वेळी फार तर एकाचाच फायदा, आणि एचपी मधे कुठेतरी असताना, म्हणजे लढाईचा बराचसा वेळ, एकाचाही नाही. जवळ जाऊन, मार खात खात लढणाऱ्याचा रिच्युअल सोर्ड पहिल्याच फटक्यात बंद पडतो. लांबून जादू किंवा बाण सोडणाऱ्याला तोच टॅलिस्मन सोन्यासारखा. म्हणून पॅसिव्ह निवडण्याआधी एवढंच बघा की लढाईत तुमचा एचपी नेहमी कुठे असतो.

याच गेममध्ये रॅडॅगन्स सोअरसील हा टॅलिस्मन चार क्षमता प्रत्येकी ५ने वाढवतो आणि त्याबदल्यात तुम्हाला लागणारा मार १५ टक्क्यांनी वाढवतो. सुरुवातीला ते ५ गुण फार मोठे असतात. पुढे लेव्हल वाढली की त्यांचं मोल कमी होत जातं, १५ टक्के मात्र तसेच राहतात. शेवटच्या बॉसपर्यंत तो गळ्यात ठेवून ‘हे शत्रू इतकं जोरात का मारतात’ असं विचारणारे खेळाडू मी पाहिलेत.

जीव वाचवणाऱ्या पॅसिव्हची अटही नीट बघा. ‘किंगडम हार्ट्स’मधलं सेकंड चान्स जीवघेण्या फटक्यानंतर १ एचपी शिल्लक ठेवतं, पण फटका बसण्याआधी तुमच्याकडे १ पेक्षा जास्त एचपी असेल तरच. वाचल्यावर आधी औषध घ्या, हल्ला नंतर. दुसऱ्या फटक्याला ते आडवं येणार नाही.

आणि काही पॅसिव्ह चालू-बंद करता येतात, हे कित्येकांना माहीतच नसतं. ‘बाल्डर्स गेट ३’मध्ये ग्रेट वेपन मास्टर किंवा शार्पशूटर हे पॅसिव्ह घेऊन चालू ठेवलं की हल्ल्याच्या फाशातून ५ वजा होतात आणि लागलेल्या फटक्यात १० डॅमेजची भर पडते. वीस बाजूंच्या फाशावर ५ म्हणजे फटका लागण्याची शक्यता थेट २५ टक्क्यांनी खाली. समजा तुमचा फटका सरासरी १२चा आहे. लागण्याची शक्यता ७० टक्के असेल, तर पॅसिव्ह बंद ठेवून दर हल्ल्याला सरासरी ८.४ डॅमेज पडतं आणि चालू ठेवून ९.९. तीच शक्यता ५० टक्के असेल, तर बंद ठेवून ६ आणि चालू ठेवून ५.५. म्हणजे जाड चिलखतवाल्यासमोर तेच पॅसिव्ह उलटतं. पॅसिव्हच्या टॅबमध्ये जाऊन ते बंद करायला एक क्लिक पुरते. तिथेच शत्रूला न मारता बेशुद्ध करण्याचा पर्यायही असतो, तो चुकून चालू राहिलाय का तेही तपासा.

टक्क्यांची बेरीज फसवते

‘पाथ ऑफ एक्झाइल’चं पॅसिव्हचं झाड १३०० हून अधिक बिंदूंचं आहे. ते सगळ्या क्लासना एकच, फक्त सुरुवातीची जागा वेगळी. त्या झाडावर हरवायला होतं ते बिंदूंच्या संख्येमुळे कमी आणि दोन शब्दांमुळे जास्त. ‘इन्क्रीज्ड’ लिहिलेले सगळे टक्के आधी आपापसात मिळवले जातात, ‘मोर’ (more) लिहिलेला प्रत्येक टक्का स्वतंत्र गुणला जातो. मूळ डॅमेज १०० आणि आधीच २०० टक्के इन्क्रीज्ड जमलेलं असेल तर डॅमेज झालं ३००. आता आणखी २० टक्के इन्क्रीज्ड घेतलं तर ३२०, म्हणजे प्रत्यक्षात जेमतेम ७ टक्क्यांची वाढ. २० टक्के मोर घेतलं तर ३६०. वर्णनात आकडा दोन्हीकडे २०च. दुसऱ्या गेममध्ये शब्द वेगळे असतील, पण प्रश्न हाच विचारायचा: हे आधीच्यात मिळवलं जातं की गुणलं जातं?

क्रिटिकलबाबत तर आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार, अशी गत होते. क्रिटिकल, म्हणजे अधूनमधून जास्त जोरात बसणारा फटका, दीडपट बसतो आणि त्याची शक्यता ५ टक्के आहे असं धरा. सरासरी फायदा अडीच टक्के. आता क्रिटिकल दुप्पट बसवणारं पॅसिव्ह घेतलं, तर तो ५ टक्के होतो. एक अख्खी जागा देऊन पदरात अडीच टक्के. शक्यता ६० टक्के असताना तेच पॅसिव्ह सरासरी १३० वरून १६० वर नेतं. आधी शक्यता वाढवा, मग जोर.

मर्यादाही लक्षात ठेवा. ‘स्कायरिम’मध्ये चिलखताने शारीरिक डॅमेज ८० टक्क्यांपेक्षा जास्त कमी होत नाही. शिरस्त्राण, छाती, हात आणि पाय असे चारही भाग घातलेले असतील तर ५६७ आर्मरला ती मर्यादा गाठली जाते. त्यापुढे आर्मर वाढवणारा प्रत्येक पर्क (तिथलं पॅसिव्ह) वाया. मर्यादेच्या जवळचे टक्के मात्र मोलाचे असतात: रेझिस्टन्स (आग, थंडी वगैरेंच्या माराला होणारा विरोध) ७० टक्क्यांचा ७५ झाला की मार ३० वरून २५ वर येतो, म्हणजे सहाव्या हिश्श्याने कमी. ‘पाथ ऑफ एक्झाइल’मध्ये रेझिस्टन्सची नेहमीची मर्यादा ७५ आहे, पण कथेच्या पाचव्या अंकानंतर (अ‍ॅक्ट) ३० आणि दहाव्यानंतर आणखी ३० वजा होतात. काल पुरलेली पॅसिव्ह आज का पुरत नाहीत, याचं उत्तर अनेकदा एवढंच असतं.

एकमेकांना मारक पॅसिव्ह

‘पाथ ऑफ एक्झाइल’मध्ये केऑस इनॉक्युलेशन हे पॅसिव्ह घेतलं की तुमचं कमाल लाइफ १ होतं आणि केऑस या प्रकारचं डॅमेज लागत नाही. मग लाइफ वाढवणारा झाडावरचा प्रत्येक बिंदू कुचकामी. हे घ्यायचं तर सगळी मदार एनर्जी शील्डवर (लाइफच्या आधी मार झेलणाऱ्या कवचावर) न्यायची, आणि ते पुरेसं जमेपर्यंत थांबायचं. मधेच घेतलं तर पहिल्याच गर्दीत मराल.

‘बाल्डर्स गेट ३’मध्ये फायटरच्या पाचव्या लेव्हलचा एक्स्ट्रा अटॅक (एका खेपेला जादा हल्ला) आणि पॅलॅडिनच्या पाचव्या लेव्हलचा एक्स्ट्रा अटॅक मिळून तीन हल्ले होत नाहीत, दोनच राहतात. नावात सारखेपणा दिसला की ते एकत्र चालतात असं धरून चालू नका.

चालत नसेल तर कसं शोधायचं

सगळी पॅसिव्ह काढा, पात्राच्या पानावरचे आकडे टिपून घ्या, आणि एकेक परत लावत जा. ज्याने आकडा हलला नाही, ते संशयित. अर्थात अट असलेली पॅसिव्ह पानावर दिसतीलच असं नाही, त्यांच्यासाठी मैदानात उतरावं लागतं. एकाच जातीचा, एकाच लेव्हलचा शत्रू घ्या आणि पॅसिव्ह लावून दहा फटके, काढून दहा फटके मारून सरासरी बघा. एक-दोन फटक्यांवर जाऊ नका, कारण बऱ्याच गेममध्ये डॅमेज दर फटक्याला थोडं वर-खाली होतं.

‘१० टक्के शक्यता’ असलेल्या पॅसिव्हला आणखी धीर लागतो. ते व्यवस्थित चालू असूनही दहा फटक्यांत एकदाही न लागण्याची शक्यता सुमारे ३५ टक्के आहे. तीस फटक्यांत ती ४ टक्क्यांवर येते. तेव्हा तीस कोरे गेले तरच शंका घ्या, आणि मग हातातलं शस्त्र त्या वर्णनात बसतं का ते पुन्हा वाचा. ‘हल्ला’ आणि ‘जादू’ हे बहुतेक गेममध्ये वेगळे मोजले जातात.

अनुभव किंवा एपी जास्त मिळवून देणारी पॅसिव्ह बॉसच्या दारात काढून ठेवा. तिथे ती जागा अडवतात.

चूक सापडली तर ती सुधारायचा खर्च आधी बघा. ‘बाल्डर्स गेट ३’मध्ये विदर्स नावाचा गेममधला एक जण १०० सोन्याच्या नाण्यांत पात्र नव्याने घडवू देतो, त्यामुळे तिथे बिनधास्त प्रयोग करा. ‘पाथ ऑफ एक्झाइल’मध्ये ऑर्ब ऑफ रिग्रेट नावाची एक वस्तू एकच पॉइंट परत देते, म्हणून तिथे काढायचे बिंदू आधी मोजा. ‘स्कायरिम’मध्ये १००ला पोचलेलं स्किल लेजंडरी केलं की त्यातले सगळे पर्क परत मिळतात, पण स्किल १५ वर येतं. मोठ्या लढाईच्या तोंडावर हे करू नका. आणि कुठल्याही गेममध्ये पॉइंट परत घेण्याआधी जुन्या मांडणीचा स्क्रीनशॉट काढून ठेवा. नवी जमली नाही तर कोणता पॉइंट कुठे होता, हे आठवून सांगणं फार अवघड जातं.