कूलंट बदलल्यावर काटा वर चढतो, हीटर मात्र गार: माझा अनुभव

घरीच गाडीचं कूलंट (इंजिन थंड ठेवणारं द्रव) बदललं आणि दुसऱ्या दिवसापासून गाडी उभी असताना टेंपरेचरचा काटा वर. हीटर लावला तर गार हवा, आणि डॅशबोर्डमागून पाणी खळखळल्याचा आवाज. थर्मोस्टॅट बदलला, रेडिएटरचं झाकणही नवं घातलं, फरक शून्य. दोन रविवार फुकट गेले.

दोष हवेचा होता. रिकाम्या सिस्टिममध्ये मी कूलंट भसाभस ओतलं होतं, त्यामुळे हीटर कोअरमध्ये (गरम कूलंटवर हीटरची हवा तापवणारा छोटा रेडिएटर) हवा अडकली.

इंजिन पूर्ण गार असताना (गरम असताना झाकण उघडू नका, वाफेने भाजतं) गाडीचं तोंड चढाकडे करून हँडब्रेक ओढला, चाकांना उटी लावली. झाकण काढलं, हीटर सर्वांत गरमवर, ब्लोअर कमी. कूलंट आणि डिस्टिल्ड वॉटर निम्मं-निम्मं, बारीक धारेने. मग इंजिन आयडलिंगवर ठेवलं आणि सुरुवातीलाच, होज (रबरी नळी) कोमट असेपर्यंत, रेडिएटरचा वरचा होज दाबत राहिलो. बुडबुडे निघाले, पातळी उतरली, भरत गेलो. झाकण लावून रेडिएटरचा फॅन दोनदा सुरू होऊन बंद पडेपर्यंत थांबलो. हीटर गरम! गार झाल्यावर आणखी पाऊण लिटर मावलं.

जुनं कूलंट डब्यात झाकून ठेवा. चवीला गोड असतं, कुत्र्यामांजरांना विषारी.