शिवारात फिरून झालं, आता सर्व्हेचा रिपोर्ट कसा लिहायचा

जुन्या वस्त्यांच्या खुणा शोधत शिवारात फिरून आलात ना, मग रिपोर्ट त्याच रात्री सुरू करा. पूर्ण नको, पण डायरी समोर ठेवून त्या दिवसाचं एक पान तरी टाईप करा, कारण आठ दिवसांनी निफाडकडचं टेकाड कुठलं आणि सिन्नरकडचं कुठलं हे डोक्यात मिसळायला लागतं. आणि परवानगीचं आधीच सांगतो, पुरातत्त्व खात्याची परवानगी नसेल तर खापरं उचलून आणायची नाहीत, फोटो आणि नोंदी एवढंच, त्यावरही चांगला रिपोर्ट होतो.

पहिलं काम जागेचं. वीस वर्षांनी कोणीतरी तुमचा कागद घेऊन निघाला तर तो त्याच बांधावर जाऊन उभा राहिला पाहिजे. नुसतं पिंपळगाव लिहिलं तर पिंपळगाव बसवंत, बहुला की खांब? म्हणून गाव, तालुका, बुद्रुक का खुर्द, गट नंबर, नदीच्या कुठल्या काठाला, देवळापासून किंवा पुलापासून किती मीटर आणि कुठल्या दिशेला, हे सगळं लिहा. मग जीपीएसचे अक्षांश-रेखांश, दशांशानंतर पाच आकडे. चौथा आकडा साधारण ११ मीटरचा आणि पाचवा १ मीटरचा, मोबाईल तेवढा अचूक नसतो म्हणून त्या वेळी तो अॅक्युरसी किती दाखवत होता तेही लिहून ठेवा.

जमीन कशी होती हे बहुतेक रिपोर्टात नसतंच आणि मला त्याचं फार वाईट वाटतं. द्राक्षबागेत ओळींमधली पट्टीच दिसते, उभ्या उसात काहीच दिसत नाही, कांदा काढून नांगरलेल्या वावरात मात्र खापर लगेच नजरेत भरतं. त्यामुळे "काही मिळालं नाही" हे वाक्य एकटं लिहू नका, किती जण होतो, दोघांत किती अंतर ठेवून चाललो, पीक काय होतं, मग काही मिळालं नाही. रिकामी वावरंसुद्धा नकाशावर दाखवायची, नाहीतर पुढच्या माणसाला वाटतं तिकडे कोणी गेलंच नाही.

आता पांढरीचं. आपल्याकडे जुन्या वस्तीच्या टेकाडाला पांढर म्हणतात, ती राखाडी भुसभुशीत माती खत म्हणून शेतकरी पिढ्यानपिढ्या वावरात नेऊन टाकत आलेत, आणि मातीबरोबर खापरं पण जातात. एकदा मला टेकाडापासून बरंच लांब एका मळ्यात खूप खापरं दिसली, मी डायरीत "दुसरी वस्ती" असं लिहूनसुद्धा टाकलं, मग विहिरीवर बसलेल्या आजोबांना विचारलं तर म्हणाले, "अहो ती पांढरीची माती, आमच्या वडलांनी बैलगाडीनं आणून टाकलेली." दुसरी वस्ती तिथं नव्हतीच. तेव्हापासून माझ्या फॉर्ममध्ये "बाहेरून माती टाकली आहे का, कोणी सांगितलं" हा रकाना कायमचा आहे.

वस्तूंचं वर्णन करताना जे डोळ्यांना दिसलं आणि हाताला लागलं ते आधी, अंदाज नंतर, आणि दोन्ही वेगळ्या परिच्छेदात. समजा एक तुकडा आहे, तर असं लिहा: वाडग्याच्या काठाचा तुकडा, चाकावर घडवलेला, नारिंगी-लाल, माती बारीक चाळलेली, भाजणी आतपर्यंत एकसारखी, टिचकी मारली की खणखणीत वाजतो, पोटाला ठळक कंगोरा, बाहेरून काळ्या रंगात तीन समांतर रेघा. जाडी मिलिमीटरमध्ये. एवढं झाल्यावर अंदाजाच्या परिच्छेदात "जोर्वे पद्धतीच्या भांड्यांशी जुळतो" असं म्हणा. "इथे ताम्रपाषाणयुगीन गाव होतं", म्हणजे तांब्याची आणि दगडाची अवजारं वापरायच्या काळातलं, असं एका खापरावर म्हणू नका. वरवर मिळालेल्या खापराला स्वतःचा थर नसतो, त्याचं वय आपण उत्खनन झालेल्या जागेवरून उसनं घेतो. पुरातत्त्वज्ञ सांकलिया आणि देव यांनी १९५०-५१ मध्ये नाशिकला आणि संगमनेर तालुक्यातल्या जोर्व्याला खोदकाम केलं, पुढे पुणे जिल्ह्यातल्या इनामगावसारख्या जागा खोदल्या गेल्या, म्हणून आज जोर्वे भांड्यांचा इ.स.पू. १४०० ते ७०० असा साधारण काळ आपण सांगू शकतो. कुठल्या उत्खननाशी तुलना केली ते नाव रिपोर्टात आलंच पाहिजे.

नाण्याचं पण तसंच, दोन्ही बाजू वेगवेगळ्या लिहायच्या. १९०६ मध्ये नाशिक जिल्ह्यातल्या जोगलटेंभीला क्षत्रप राजा नहपानाची तेरा हजारांहून जास्त चांदीची नाणी मिळाली, त्यातल्या बऱ्याच नाण्यांवर सातवाहन राजा गौतमीपुत्र सातकर्णीने आपला छाप परत मारलेला आहे. कोणी नुसतं "नहपानाचं नाणं" लिहून सोडलं असतं तर त्या दोघांमधली हार-जीत कागदावर आलीच नसती. नाण्यांचा साठा दिसला तर हात न लावता जिल्हाधिकारी कार्यालयाला कळवा, १८७८ चा निखात निधी कायदा आजही लागू आहे.

फोटोत स्केल, उत्तर दिशा आणि नंबर, तोच नंबर यादीत, तोच पिशवीवर. परवानगी असताना गोळा केलेल्या पिशवीत पेन्सिलने लिहिलेली चिठ्ठी आतून पण टाका, माझ्या एका पिशवीवरची मार्करची अक्षरं पावसात धुऊन गेली आणि ती खापरं कुठली हे आता मलाही सांगता येत नाही.

एक मात्र मनापासून सांगतो, लोकांसाठी छापाल त्या प्रतीत जीपीएसचे अचूक आकडे देऊ नका. गुप्तधनाच्या नादात रात्री टेकाडं उकरणारे आहेत. पूर्ण आकडे खात्याकडच्या प्रतीत, बाकीच्यांसाठी गाव आणि तालुका पुरे.

पाठवण्याआधी कच्ची प्रत ज्यांचं वावर आहे त्यांना वाचून दाखवा. मागच्या वेळी मी एका जागेला "टेकडीचं शेत" असं लिहिलं होतं, ते काका म्हणाले, नाही हो, याला सगळे गढीचा मळा म्हणतात. नाव बदललं आणि दुसऱ्या दिवशी गढी कुठे होती ते बघायला परत गेलो.