सोसायटीच्या कार्यालयातील जुना संगणक देऊन टाकण्यापूर्वी

विंडोज १० चे नियमित पाठबळ (सुरक्षा अपडेट वगैरे) १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपले. ठाणे-नवी मुंबईतील ज्या सोसायट्यांच्या कार्यालयात अजून विंडोज १० चाच संगणक आहे, त्यांनी तो भंगारात काढण्याचा ठराव करण्याआधी तसे करण्याची खरोखर गरज आहे का, हे तपासावे. लॅपटॉपच्या आयुष्यातील कार्बन उत्सर्जनाचा मोठा वाटा तो तयार होतानाच खर्ची पडलेला असतो, त्यामुळे एसएसडी (वेगवान साठवण डिस्क) बसवून आणि लिनक्स ही मोफत संगणक प्रणाली टाकून तो आणखी काही वर्षे वापरणे हाच पर्यावरणाच्या दृष्टीने सर्वांत चांगला मार्ग ठरतो. हिशेबाचे सॉफ्टवेअर केवळ विंडोजवरच चालत असेल, तर मात्र नवा संगणक घ्यावा लागू शकतो.

जुना संगणक द्यायचाच ठरला, तर सर्वांत आधी त्यातील माहितीचा विचार करावा. त्यात सभासदांचे मोबाइल क्रमांक, भाडेकरूंचे करारनामे, आधारच्या प्रती आणि थकबाकीच्या याद्या असतात. ही माहिती लोकांनी सोसायटीवर विश्वास ठेवून दिलेली असते, आणि ती परक्या हाती जाऊ न देणे ही कमिटीची जबाबदारी आहे, असे मी आग्रहाने सांगेन. फाइल डिलीट केल्याने ती पुसली जात नाही; पुस्तकाची अनुक्रमणिका फाडली तरी आतली पाने शाबूत राहतात, तसाच हा प्रकार आहे. म्हणून आवश्यक नोंदींची प्रत काढून, ती उघडते याची खात्री करून घ्यावी आणि मगच विंडोजच्या सेटिंग्जमधील ‘रीसेट धिस पीसी’मध्ये ‘रिमूव्ह एव्हरीथिंग’ निवडून, पुढील सेटिंगमध्ये ‘क्लीन डेटा’ चालू करावे. साध्या हार्ड डिस्कवर सर्वत्र एकदा नवे लेखन झाले, की सहसा तेवढे पुरते. एसएसडीमध्ये काही राखीव भाग असे असतात, की जिथे हे लेखन पोहोचत नाही. तिच्यासाठी उत्पादक कंपनीचे सिक्युअर इरेज साधन वापरावे. संगणक सुरूच होत नसेल, तर डिस्क काढून तिच्या तबकड्यांना ड्रिलने आरपार भोके पाडावीत. लॅपटॉपच्या डिस्कमधील तबकडी अनेकदा काचेची असते आणि तिचे तुकडे उडतात, त्यामुळे डोळ्यांवर संरक्षक चष्मा हवाच. सीसीटीव्हीच्या डीव्हीआरमध्येही (चित्रण साठवणाऱ्या यंत्रात) हार्ड डिस्क असते, आणि नेमकी तीच विसरली जाते.

यानंतर प्रश्न येतो तो संगणक कोणाला द्यायचा याचा. ई-कचरा (व्यवस्थापन) नियम, २०२२ हे १ एप्रिल २०२३ पासून लागू आहेत आणि त्यांनुसार उत्पादक, नूतनीकरण करणारे व पुनर्चक्रण करणारे यांनी केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या पोर्टलवर नोंदणी करणे बंधनकारक आहे. नियमांतील ‘मोठा ग्राहक’ म्हणजे आर्थिक वर्षात किमान १,००० उपकरणे वापरणारी संस्था. सामान्य सोसायटी त्यात बसत नाही. तरीही नोंदणीकृत केंद्रच शोधावे, कारण अनधिकृत ठिकाणी तांब्यासाठी पीव्हीसीच्या वायरी उघड्यावर जाळल्या जातात आणि त्यातून डायॉक्सिन हे विषारी रसायन निघते. सर्किट बोर्डातील सोने काढण्यासाठी आम्ल वापरले जाते, आणि उरलेले पाणी नाल्यात सोडले तर ते आपल्याकडे अखेर खाडीतच पोहोचते. ठाणे खाडी २०२२ पासून रामसर स्थळ, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा आहे, तिथे फ्लेमिंगो उतरतात, आणि खाडीतील मासळीवर कोळीवाड्यांतील घरे चालतात. जुन्या फुगीर मॉनिटरच्या काचेत शिसे असते, म्हणून तो फोडून कचऱ्यात मुळीच टाकू नये.

लॅपटॉपची बॅटरी फुगलेली असेल, तर ती दाबू नये, टोचू नये आणि चार्जही करू नये. वेगळ्या पिशवीत ठेवून उचलायला येणाऱ्यांना आधीच कल्पना द्यावी.

सुपूर्द करताना केंद्राचा नोंदणी क्रमांक पोर्टलवरील नावाशी पडताळावा. पावतीवर प्रत्येक उपकरणाचा अनुक्रमांक (सिरियल नंबर) लिहून घ्यावा, डिस्क नष्ट केल्याचे प्रमाणपत्र मागावे, आणि हे दोन्ही कागद डेड स्टॉक (टिकाऊ वस्तूंच्या) नोंदवहीत त्या संगणकाच्या नोंदीसमोर लावून सचिवांची सही घ्यावी.