पाचवा आरोप कुठला? अमेरिकी कोर्टाचे कागद वाचायला बसणाऱ्यांसाठी

३० डिसेंबर २०२१ची पहाट. न्यूयॉर्कमध्ये अजून २९ तारखेची संध्याकाळ होती. मी एका मराठी दैनिकाच्या वेब डेस्कवर, नाइट शिफ्टला. अल्पवयीन मुलींच्या लैंगिक शोषणाचा आरोप असलेला अमेरिकी धनाढ्य जेफ्री एपस्टीन, त्याची साथीदार गिलेन मॅक्सवेल. तिच्या खटल्यात ज्युरीचा निकाल आला: सहापैकी पाच आरोपांत दोषी. एक, तीन, चार, पाच, सहा. दुसऱ्यातून सुटका.

मी तयारीत होते. जुलै २०२०मध्ये तिला न्यू हॅम्पशायरमधून अटक झाली तेव्हाच आरोपपत्र उतरवून, छापून, पिवळ्या हायलायटरने रंगवून ठेवलं होतं. त्यात पाचवा आणि सहावा आरोप खोट्या साक्षीचा होता. शपथेवर खोटं बोलल्याचे दोन आरोप. मी दणक्यात लिहिलं, ‘खोट्या साक्षीच्या दोन्ही आरोपांतही दोषी’. पुढे एक ओळ स्वतःच्या अकलेने जोडली की सेक्स ट्रॅफिकिंगच्या आरोपांवर खटला वेगळा चालणार आहे. एजन्सीच्या कॉपीत सेक्स ट्रॅफिकिंगमध्ये दोषी असं स्वच्छ लिहिलेलं होतं. मी म्हटलं, एजन्सीवाले ढोबळ लिहितात, मी मूळ कागद वाचलाय.

चाळीस मिनिटं ती बातमी तशीच होती. मग शिफ्ट इन्चार्जचा फोन आला. तो काय बोलला ते सोडा.

चूक अगदी उलटी होती. पाचवा आरोप सेक्स ट्रॅफिकिंगच्या कटाचा, सहावा अल्पवयीन मुलीच्या सेक्स ट्रॅफिकिंगचा, आणि वेगळे काढले होते ते खोट्या साक्षीचे. खटल्यातला सगळ्यात गंभीर गुन्हा मी बातमीतून काढून टाकला होता, आणि तोही मूळ कागद हातात धरून. म्हणून हे लिहितेय. न वाचणारा एजन्सीची कॉपी उचलतो आणि बहुतेक वेळा बचावतो. अर्धं वाचणारा बुडतो.

आता हे जरा सविस्तर सांगते, कारण सापळा आपल्याच सवयीत आहे. आपल्याकडे पोलिस आरोपपत्र दाखल करतात, मग पुरवणी आरोपपत्र येतं. ‘पुरवणी’ शब्दातच सगळं आलं: जुनं तसंच राहतं, नवं खाली जोडलं जातं. मार्च २०२१मध्ये मॅक्सवेलवर नवे दोन आरोप लागल्याची बातमी मीच केली होती. डोक्यात हिशेब झाला, सहा होते, दोन वाढले, म्हणजे नवे सातवा आणि आठवा. एप्रिलमध्ये न्यायाधीश ॲलिसन नेथन यांनी दोन आरोप वेगळे काढले. कोणते? सातवा आणि आठवा. मग डिसेंबरमध्ये सहा आरोपांवर निकाल. माझा हिशेब कुठेच अडला नाही, हीच गंमत. सगळे आकडे जुळत होते आणि सगळं चुकलं होतं.

अमेरिकी फेडरल कोर्टात जे आलं त्याला सुपरसीडिंग इंडाइटमेंट म्हणतात. ते जुन्याला जोडत नाहीत, जुन्याच्या जागी बसवतात. पहिल्या शब्दापासून नवा दस्तऐवज, नवे क्रमांक. २९ मार्च २०२१च्या त्या कागदात नवे आरोप मधे घुसवले होते, पाच आणि सहा म्हणून. खोट्या साक्षीचे दोन्ही ढकलून सात-आठवर नेले होते. काळही बदलला होता. पहिल्या आरोपपत्रात १९९४ ते १९९७, नव्यात २००४पर्यंत. अल्पवयीन पीडित तीन होत्या, त्या चार झाल्या.

हे ओळखायचं कसं? खटला क्रमांकाकडे बघा. ‘२० सीआर ३३०’ म्हणजे २०२० साली दाखल, क्रिमिनल, तीनशे तिसावं प्रकरण. त्याच्या आधी ‘एस१’ किंवा ‘एस२’ असेल तर ती कितवी आवृत्ती ते कळतं. मॅक्सवेलचा खटला एस२वर चालला. क्रमांकानंतर कंसात न्यायाधीशांची आद्याक्षरं असतात: आधी एजेएन, म्हणजे नेथन. त्या वरच्या कोर्टात गेल्या आणि पुढे पीएई आलं, म्हणजे पॉल एंगलमायर. एपस्टीनचा स्वतःचा खटला वेगळा, ‘१९ सीआर ४९०’, न्यायाधीश रिचर्ड बर्मन. तो १० ऑगस्ट २०१९ला कोठडीत मेला आणि त्याच महिनाअखेरीस ते प्रकरण बंद झालं. तिथे निकाल नाही, शिक्षा नाही. तरी ‘एपस्टीन खटल्याचा निकाल’ असं शीर्षक मी दर दोन महिन्यांनी वाचते.

किल्ला कोर्टाची बीट आयुष्यभर केलेले एक काका आहेत. त्यांना मी ही फजिती सांगितली. हसले नाहीत. म्हणाले, ‘रोजनामा पाहिलास का?’ मी नव्हता पाहिला. अमेरिकेतल्या डॉकेटला आपल्याकडचा जवळचा शब्द रोजनामाच: कुठल्या तारखेला काय दाखल झालं, काय हुकूम झाला, एकाखाली एक. मी डॉकेट उघडलं असतं तर एस२ समोर दिसलं असतं. काकांसारखा माणूस भेटला तर त्याच्या मागे मागे फिरा, चहाचे पैसे तुम्ही द्या. आणि ‘निकालाचा शेवटचा परिच्छेद वाच, बाकी पाल्हाळ’ असं शिकवणारे सीनियर प्रत्येक डेस्कवर एक तरी असतात. त्यांच्यापासून लांब बसा. सारांश काढून देणाऱ्या ॲपबद्दलही माझं मत चांगलं नाही. ते सारांश बरा काढतं, पण तुम्ही दिलेल्या कागदाचा. तो कागद जुना असेल तर चूक जास्त गुळगुळीत मराठीत येते, इतकंच.

खर्चाचं पटकन. फेडरल कोर्टांचे कागद पेसर या सरकारी व्यवस्थेवर मिळतात. पानाला दहा सेंट, एका दस्तऐवजाला जास्तीत जास्त तीन डॉलर. तिमाहीत बिल तीस डॉलरच्या आत राहिलं तर माफ. साक्षीच्या ट्रान्स्क्रिप्टना मात्र तीन डॉलरची मर्यादा लागू नाही, आणि एका दिवसाची साक्ष सहज दोनशे पानांच्या वर जाते. मला हे बिल आल्यावर कळलं. ट्रान्स्क्रिप्ट दाखल झाल्यावर पहिले नव्वद दिवस ऑनलाइन खुलंही नसतं. म्हणून आधी कोर्टलिसनरवर शोधा. इतरांनी विकत घेतलेले कागद तिथे फुकट ठेवलेले असतात.

आता शब्दांचं. मराठीत आपण ‘मानवी तस्करी’ लिहितो आणि वाचकाच्या डोळ्यांसमोर ट्रक, सीमा, बांगलादेश येतं. आपल्या पोलिसांचा कक्ष तर ‘अनैतिक मानवी वाहतूक प्रतिबंधक’. तिथे सिग्नल तोडल्याचीच तक्रार घेऊन जावंसं वाटतं. अमेरिकी कायद्यातल्या कलम १५९१ला सीमा ओलांडणं लागत नाही. पीडित अठराच्या खालची असेल तर बळजबरीही सिद्ध करावी लागत नाही. कुणाला तरी काही मोबदला मिळालेलं लैंगिक कृत्य, आणि त्यासाठी मुलीला गाठणं, आणणं, पुरवणं, एवढं पुरतं. हे कलम २०००च्या कायद्यातून आलं. म्हणून नव्वदच्या दशकातल्या घटनांना ते लावता आलं नाही. तिथे १९१०च्या मॅन ॲक्टची कलमं लागली: अल्पवयीन मुलीला फूस लावून प्रवास करायला लावणं, तिला घेऊन जाणं. पहिले चार आरोप त्यातले. पाचवा-सहावा २००१ ते २००४ या काळातले. हे एकदा कळलं की आरोपांचे क्रमांक पाठ करावे लागत नाहीत. कुठली घटना कुठल्या सालची, त्यावरून कलम आपोआप सुचतं. मला हे कळायला एक चुकीची बातमी आणि दोन महिने लागले. तुम्हाला तेवढे लागणार नाहीत.

खोट्या साक्षीचे आरोप आले कुठून, हेही बघा, कारण तिथे दुसरा खड्डा आहे. ते आले २०१६मधल्या तिच्या जबान्यांतून, आणि त्या जबान्या फौजदारी खटल्यातल्या नव्हत्याच. एपस्टीन आणि मॅक्सवेलवर शोषणाचे आरोप करणाऱ्या व्हर्जिनिया जुफ्रे यांनी २०१५मध्ये मॅक्सवेलवर अब्रुनुकसानीचा दिवाणी दावा लावला होता, ‘१५ सिव्ह ७४३३’. तो २०१७मध्ये तडजोडीने मिटला, पण कागद सीलबंद राहिले. ते उघडावेत म्हणून मायामी हेरल्डच्या पत्रकार ज्युली ब्राउन कोर्टात गेल्या. ३ जुलै २०१९ला वरच्या कोर्टाने त्यांच्या बाजूने निकाल दिला आणि त्याच निकालात माध्यमांना तंबीही दिली: दाव्याच्या कागदात कुणीही कुणाबद्दल काहीही लिहू शकतं आणि त्याबद्दल अब्रुनुकसानीतून सुटतं, तेव्हा जपून. ९ ऑगस्टला सुमारे दोन हजार पानं खुली झाली. दुसऱ्या दिवशी एपस्टीन मेला आणि ती तंबी कुणाच्या लक्षात राहिली नाही.

जानेवारी २०२४मध्ये याच दाव्याचे आणखी कागद उघडले, तेव्हा आमच्याकडे एकच प्रश्न, ‘एपस्टीनच्या यादीत आपलं कोण?’ यादी नव्हती. न्यायाधीश लोरेटा प्रेस्का यांचा १८ डिसेंबर २०२३चा हुकूम होता. त्यात प्रत्येक ‘डो’ क्रमांकासमोर, म्हणजे नाव झाकलेल्या माणसाला दिलेल्या क्रमांकासमोर, नाव का उघडायचं याचं कारण एकदोन ओळींत दिलेलं. कुणी आधीच मुलाखत दिलेली, कुणाचं नाव मॅक्सवेल खटल्यात उघड झालेलं, कुणी हरकतच घेतलेली नाही. त्यांत पीडित होत्या, साक्षीदार होते, नोकरचाकर होते. एखाद्या वकिलाने जबानीत ‘तुम्ही अमक्याला कधी भेटलात का’ विचारलं आणि उत्तर ‘नाही’ आलं, तरी ते नाव कागदात येतं. एपस्टीनच्या विमानाच्या नोंदवहीचंही तसंच. बसला म्हणजे बसला, त्यापुढचं काही त्या वहीत लिहिलेलं नसतं. नाव दिसलं की थांबा आणि तीन गोष्टी बघा: हे वाक्य कोण बोलतंय, शपथेवर बोलतंय का, आणि दिवाणी कागद आहे की फौजदारी. एवढं करायला वेळ नसेल तर नाव लिहू नका. इथे मी सौम्यपणे सांगणार नाही.

पीडितांच्या नावांबाबत आपली सवय चांगली आहे, ती तशीच ठेवा. आधी भारतीय दंड संहितेचं २२८अ होतं, आता न्याय संहितेचं कलम ७२. बालकांसाठी पॉक्सोचं कलम २३. अमेरिकेत बराचसा निर्णय कोर्ट आणि स्वतः साक्षीदार घेतात. मॅक्सवेल खटल्यात चौघींनी साक्ष दिली. दोघी ‘जेन’ आणि ‘केट’ या टोपणनावांनी, एक फक्त पहिल्या नावाने, एक पूर्ण नावाने. तिने नाव दिलंय म्हणून तुम्ही तिचा पत्ता, कुटुंब, नोकरी शोधत बसू नका.

‘केट’ची साक्ष वाचताना मी पुन्हा घसरणार होते. ती वाचून अंगावर काटा येतो आणि वाटतं, हाच मुख्य पुरावा. पण न्यायाधीशांनी ज्युरीला बजावलं होतं की तिने सांगितलेलं कृत्य या आरोपांतल्या अर्थाने बेकायदा लैंगिक कृत्य म्हणून धरायचं नाही. त्या काळात तिचं वय संमतीवयाच्या वर होतं. त्यामुळे तिची साक्ष खोटी ठरत नाही, फक्त ती कशासाठी वापरायची ते ठरतं. म्हणून माझा हट्ट आहे की साक्षी वाचण्याआधी न्यायाधीशांनी ज्युरीला दिलेल्या सूचना वाचा. रुक्ष आहेत, झोप येते. पण प्रत्येक आरोपाचे घटक तिथे साध्या इंग्रजीत सुटे करून दिलेले असतात. कायद्याची पदवी नसलेल्या बारा माणसांना समजावं म्हणूनच ते लिहिलेलं असतं, मग तुम्हालाही समजेल. मी बीकॉम आहे.

आणि साक्षी वाचून त्रास होणार. मला झाला. चौदा वर्षांच्या मुलीबद्दल उलटतपासणीत विचारलेले प्रश्न रात्री तीन वाजता वाचल्यावर घरी जाऊन झोप लागत नाही. आता मी त्या दिवसाउजेडी वाचते, एका बैठकीत पन्नास पानांच्या वर नाही, आणि वाचून झाल्यावर लगेच लिहीत नाही. डेस्कवर याला कुणी नाजूकपणा म्हणालं तर म्हणू द्या.

शिक्षेचा आकडा लिहितानाही रोजनामा उघडा. २८ जून २०२२ला वीस वर्षं आणि साडेसात लाख डॉलर दंड. दोषी पाच आरोपांत, शिक्षा मात्र तीनच आरोपांवर: तिसरा, चौथा, सहावा. कटाचे तीन आरोप (पहिला, तिसरा, पाचवा) मुळात एकाच कटाचे होते असं न्यायाधीशांनी धरलं, म्हणून त्यांतल्या एकावरच शिक्षा. खोट्या साक्षीचे आरोप, ज्यांत मी तिला पहाटे दोषी ठरवून टाकलं होतं, ते खटल्याविनाच मागे घेतले गेले. वरच्या कोर्टाने सप्टेंबर २०२४मध्ये शिक्षा कायम ठेवली, आणि ऑक्टोबर २०२५मध्ये सुप्रीम कोर्टाने प्रकरण ऐकायला नकार दिला.

सुरुवात करायची असेल तर एस२ उघडा आणि शेजारी ज्युरीचा व्हर्डिक्ट शीट, म्हणजे प्रत्येक आरोपापुढे दोषी की नाही ते नोंदवलेला कागद, ठेवा. दुसरा आणि चौथा आरोप एकाच साक्षीदाराचे, जेनचे. दुसऱ्यात तिला फूस लावून प्रवास करायला लावल्याचं म्हटलंय, चौथ्यात तिला नेल्याचं. ज्युरीने चौथ्यात दोषी म्हटलं, दुसऱ्यात नाही. चर्चा चालू असताना त्यांनी चौथ्या आरोपाबद्दल न्यायाधीशांना एक चिठ्ठीही पाठवली होती, न्यू मेक्सिकोच्या एका विमानप्रवासाबद्दल. ती चिठ्ठी शोधा आणि तिथून मागे मागे वाचत या.